विजेचे पात्र आणि त्याची पारख

कोल्हापूर हे पैलवानांचे, गुळाचे आणि चपलांचे गाव म्हणून बाहेर ओळखले जाते. परंतु शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्यांतून ज्याने एकदा तरी फेरी मारली आहे, तो त्यास यंत्रांचे गाव म्हटल्यावाचून राहणार नाही. परदेशी वस्तू हाती आली की ती खोलावी, न्याहाळावी आणि तिची जोड आपल्या लेथवर उतरवावी, ही येथील कारागिरांची जुनी रीत होय. चित्रपटाच्या आरंभकाळी बाबूराव पेंटर यांनी आपला कॅमेरा असाच येथे घडविला. विकत मिळण्याजोगी वस्तू स्वतःच्या हाताने करून पाहण्याचे हे वेड अद्यापि ओसरलेले नाही. फक्त त्याचे विषय पालटले आहेत.

अलीकडच्या हौशी तरुणांस विजेचे एक यंत्र विशेष मोह घालते. वीज सावकाश साठवावयाची आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत एकदम सोडावयाची, एवढेच त्याचे तत्त्व. सोडलेल्या विजेने वेटोळ्यावर ठेवलेले ॲल्युमिनियमचे कडे छतापर्यंत उडते, नाणे आकसून लहान होते, किंवा हातभर लांबीची ठिणगी कडाडते. शास्त्रीय भाषेत यास स्पंदित शक्ती म्हणतात. या यंत्रातील तारा, वेटोळी, कळा यांचे मोल थोडे. सारा खर्च आणि सारा धोका एकाच भागात एकवटलेला असतो. तो भाग म्हणजे विद्युत् धारित्र, ज्यास मिस्त्री मंडळी पूर्वी कंडेन्सर म्हणत आणि आता कपॅसिटर म्हणतात.

गंमत अशी की कोल्हापुरात धारित्र शोधावे लागत नाही, इतके ते जागोजागी आहे. पंचगंगेच्या काठी ऊस भिजविणाऱ्या पंपाच्या पेटीत ते असते. शेतकऱ्यांनी ते अवश्य बसवावे म्हणून महावितरण कंपनी वारंवार आवाहने करीत आली आहे, कारण त्यावाचून मोटार तारांवर आणि रोहित्रावर निष्कारण भार टाकते. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत लोखंड वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आहेत; त्यांच्या शेजारी धारित्रांची एक फळीच उभी असते आणि ती तापू नये म्हणून तिच्यातून अखंड पाणी खेळविलेले असते. तिसरे ठिकाण शिवाजी विद्यापीठ. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे अतिधारित्रांच्या पापुद्र्यांवर संशोधन केले व त्यायोगे कोल्हापूरचे नाव जगातील संशोधनपत्रांतून गेले.

मग यांपैकी कोणते धारित्र त्या तरुणाने आपल्या यंत्रासाठी घ्यावे? वेष्टनावरचे आकडे पाहिले तर प्रश्न सोपा वाटतो. तेथे धारकता मायक्रोफॅराडमध्ये आणि दाब व्होल्टमध्ये छापलेला असतो. दाबाचा वर्ग करावा, त्यास धारकतेने गुणावे आणि निम्मे करावे, म्हणजे साठणारी ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. धारकता दुप्पट केली तर साठा दुप्पट. दाब दुप्पट केला तर साठा चौपट. एवढे गणित शाळकरी मुलगाही करील. परंतु या दोन आकड्यांवर विसंबून घेतलेले धारित्र पहिल्याच तडाख्यात निकामी होते असा अनुभव आहे, आणि त्याचे कारण त्या वेष्टनावर छापलेले नसते. ते धारित्राच्या पावणेतीनशे वर्षांच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासातील प्रत्येक धडा कोणा ना कोणा विद्वानाने धक्का खाऊन शिकलेला आहे.

पहिला धक्का १७४५ सालच्या ऑक्टोबरात पोमेरानिया प्रांतातील एवाल्ड फॉन क्लाइस्ट या धर्माधिकाऱ्यास बसला. त्याने औषधाच्या बाटलीत खिळा घालून घर्षणयंत्राने त्यात वीज भरली, आणि दुसऱ्या हाताने खिळ्यास शिवताच त्याचा खांदा व दंड बधिर झाला. त्याने हा प्रयोग इतरांस लिहून कळविला. पण तो कोणास साधेना. बाटली हातात धरली पाहिजे ही गोष्ट त्याने पुरेशी स्पष्ट केली नव्हती. त्याचे खरे महत्त्व त्यालाच उमगले नव्हते. हॉलंडातील लायडन येथे पीटर फान मुशेनब्रुक याच्या प्रयोगशाळेत तोच प्रकार स्वतंत्रपणे घडला आणि १७४६ च्या जानेवारीत त्याने तो पॅरिसला कळविला. फ्रान्सचे राज्य देऊ केले तरी हा धक्का पुन्हा घेणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार पुढे प्रसिद्ध झाले. त्या गावावरून या उपकरणास लायडन पात्र हे नाव मिळाले. बाटलीत पाणी, बाहेर माणसाचा तळवा आणि मध्ये काच: धारित्राचे तीनही घटक यात आले. पाणी आणि तळवा हे दोन वाहक, तर काच हा विजेस आरपार जाऊ न देणारा, म्हणजे अपारक पदार्थ. पुढे पाण्याची आणि तळव्याची जागा कथिलाच्या वर्खाने घेतली.

त्याच वर्षी फ्रान्सच्या राजापुढे आबे नोले याने एकशे ऐंशी शिपाई हात धरून उभे केले आणि त्यांच्यामधून एका पात्राची वीज सोडली. सारे एकदम उडाले. राजाची करमणूक झाली. शिपायांस कोणी काही विचारले असेल असे वाटत नाही. ते उडाले ते एका मागोमाग एक नव्हे, एकाच क्षणी, ही गोष्ट मात्र पाहणाऱ्यांच्या मनात राहिली. घर्षणयंत्र फिरवून पात्र भरण्यास कितीही वेळ लागो, रिते होण्यास त्यास काळ असा लागतच नाही. स्पंदित शक्तीचे सारे शास्त्र या एका विषमतेवर उभे आहे. एक ज्यूल ऊर्जा म्हणजे छटाकभर ओझे सुमारे चार हात उचलण्याइतकी क्षुल्लक गोष्ट. पण तीच एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात सोडली तर त्या क्षणापुरती दहा लक्ष वॉटची शक्ती प्रकट होते.

बेंजामिन फ्रँकलिनने खिडकीच्या अकरा तावदानांस शिशाचे पत्रे लावून त्यांची एक माळ केली, आणि वीज वाहकात नसून काचेत साठते असे प्रतिपादन केले. त्याचे हे म्हणणे आजच्या भाषेत थोडे बदलून सांगावे लागेल, परंतु त्याचा रोख अचूक होता: धारित्राचा जीव त्याच्या अपारकात असतो. १७५० सालच्या नाताळात दोन मोठ्या पात्रांच्या विजेने टर्की पक्षी मारण्याचा बेत तो करीत होता. बोलण्याच्या भरात त्याचा स्वतःचाच हात मध्ये गेला. जमलेल्या लोकांनी सांगितले की लखलखाट मोठा झाला आणि पिस्तुलासारखा बार निघाला. फ्रँकलिनला यांपैकी काहीच दिसले अथवा ऐकू आले नव्हते. तो शुद्धीवर आला हे जगाचे भाग्य. आणि आपली चूक त्याने भावास लिहिलेल्या पत्रात लाजत का होईना कबूल केली, हा त्याचा मोठेपणा.

यापुढचा धडा डोळ्यांस न दिसणारा होता. लायडन पात्राची ठिणगी एकदाच पडते असे शंभर वर्षे सर्वांस वाटत होते. १८५३ साली विल्यम थॉमसन यांनी गणिताने दाखविले की रोध कमी असेल तर वीज एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जाऊन तेथेच थांबत नाही. झोपाळ्याप्रमाणे ती पलीकडे जाते, परत येते, पुन्हा जाते. त्या दशकाच्या अखेरीस फेडरसन या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या आरशातून ठिणगी पाहिली, तेव्हा एका ठिणगीच्या जागी पट्ट्यांची ओळ उमटली. प्रत्येक झोक्यास धारित्राचा धन ध्रुव ऋण होत होता.

कोल्हापूरच्या भट्टीशेजारची फळी हेच काम दिवसभर करते. भट्टीचे वेटोळे आणि धारित्रे यांच्या दरम्यान वीज सेकंदास शेकडो वेळा झोके घेते आणि त्या झोक्यांच्या योगाने मुशीतले लोखंड वितळते. हौशी तरुणाच्या यंत्रातही वेटोळे आहेच, म्हणून तेथेही झोके अटळ आहेत. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे नळकांडीच्या आकाराचे स्वस्त धारित्र येथेच दगा देते. त्यातील अपारक म्हणजे ॲल्युमिनियमवर रासायनिक क्रियेने चढविलेला ऑक्साइडाचा पातळ थर. तो एकाच दिशेचा दाब सोसतो. दिशा उलटली की आत वायू निर्माण होतो आणि नळकांडे फुटते. म्हणून खास स्पंदासाठी केलेल्या धारित्रावर कारखानदार तिसरा आकडाही सांगतात: उलटा दाब किती टक्के सोसेल आणि तसे किती स्फोट त्याच्या आयुष्यात मावतील. उलटा झोका जितका मोठा, तितके आयुष्य झपाट्याने घटते.

पंपाच्या धारित्राची गोष्ट निराळी. ते प्रत्यावर्ती विजेवर चालते, त्यामुळे दिशा उलटण्याची त्यास सवय असते, आणि या कारणानेच अनेक तरुणांचा हात प्रथम त्याच्याकडे जातो. त्यात पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पट्टीवर धातूचा अतिसूक्ष्म लेप असतो. हा लेप मुद्दामच इतका पातळ ठेवतात, की पट्टीत कोठे छिद्र पडले तर भोवतीचा लेप जळून जावा आणि जखम आपोआप बुजावी. शेतातल्या पंपास हा गुण वरदानच आहे. परंतु हजारो अँपिअरचा लोंढा क्षणात त्या लेपातून आणि त्याच्या टोकांवर फवारलेल्या जस्तातून जाऊ लागला म्हणजे सांधेच उखडतात. धारित्र बाहेरून धडधाकट दिसते, आणि आत त्याची धारकता दर तडाख्यास थोडी थोडी गळत जाते. स्पंदाच्या कामास त्या पट्टीबरोबर धातूचा खराखुरा वर्ख गुंडाळलेले धारित्र लागते. ते आकाराने मोठे, वजनाने जड आणि किमतीने भारी असते. घरगुती मायक्रोवेव्ह शेगडीतील धारित्र या दोहोंच्या मध्ये बसते. त्याची धारकता बहुधा एक मायक्रोफॅराडच्या आसपास आणि दाब दोन हजार व्होल्टच्या थोडा वर असतो. त्यात जेमतेम दोन-तीन ज्यूल साठतात, ही गोष्ट ऐकून ते निरुपद्रवी वाटेल. तथापि शेगडी उघडून बसलेल्या माणसांचे प्राण त्या भागाच्या विजेने घेतलेले आहेत.

जुन्या काळी अपारक म्हणून अभ्रकास मान होता. बिनतारी संदेशयंत्रांच्या धारित्रांत अभ्रकाचे पत्रे असत, आणि ते पत्रे जगास पुरविण्यात आज झारखंडात असलेल्या कोडरमा-हजारीबाग भागाचा व आंध्रातील नेल्लोरचा वाटा फार मोठा होता. दोन्ही महायुद्धांत शत्रुमित्रांच्या संदेशयंत्रांतून येथील खाणींचे अभ्रक बोलत होते. त्यानंतर तेलात भिजविलेल्या कागदाचा काळ आला. १९२९ पासून या तेलाच्या जागी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल नावाचे रसायन वापरले जाऊ लागले. ते पेटत नाही, नासत नाही, म्हणून सर्वांस ते आदर्श वाटले. १९६८ साली जपानात ते भाताच्या कोंड्यापासून काढलेल्या खाद्यतेलात मिसळले गेले आणि हजारो माणसे विषबाधेने आजारी पडली. तेव्हा त्याचे न नासणे हाच शाप ठरला. अमेरिकेने १९७९ साली त्याच्या निर्मितीवर बंदी घातली आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगाने त्याचा त्याग करण्याचे ठरविले. भंगाराच्या बाजारात मोठ्या दाबाचे जुने पत्र्याचे डबे मातीमोलाने मिळतात. आतील तेल कोणते याची खातरी नसेल, आणि डब्यास पाझर लागलेला असेल, तर ते स्वस्त समजू नये.

मोठा दाब हवा, पण तेवढ्या दाबाचे धारित्र परवडत नाही, ही अडचण हौशी तरुणाचीच आहे असे नाही. जर्मनीतील एर्विन मार्क्स यांनी १९२३ साली तिच्यावर काढलेली तोड आजही जगभर चालते. गोकुळाष्टमीच्या दहीहंडीचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे ती चटकन समजते. आरंभी सारे गोविंदा जमिनीवर शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्येकाची उंची पाच-साडेपाच फूट. इशारा होताच ते एकमेकांच्या खांद्यांवर चढतात आणि हंडीपर्यंत पोहोचतात. मार्क्सच्या यंत्रात दहा धारित्रे शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकात दहा हजार व्होल्ट भरतात. मग त्यांच्या मधल्या फटींतून ठिणग्या उडतात, तीच धारित्रे एकावर एक जोडली जातात आणि माथ्यावर लक्ष व्होल्ट उभे राहतात. अर्थात यात ऊर्जा वाढत नाही. दाब दसपट होतो तेव्हा एकूण धारकता एकेका धारित्राच्या दशांशावर येते. विजेच्या तारांचे निरोधक खरी आकाशातील वीज सोसतील की नाही, याची परीक्षा याच यंत्राने घेतात.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' या नावाची स्पंदित इलेक्ट्रॉन यंत्रे उभारण्यात आली. 'काली' हे 'किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर' या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप. देवीशी त्याचा संबंध नाही, तरी तो कोणास सुचला नसेल असे मानणे कठीण. त्यांपैकी 'काली ५०००' मध्ये मार्क्स यंत्रातील ऊर्जा प्रथम एका नळीवजा धारित्रात ओततात आणि त्यातील अपारक पदार्थ असतो पाणी. नळाचे पाणी विजेस वाट देते हे सर्वांस ठाऊक आहे. पण क्षार काढून शुद्ध केलेले पाणी काही मायक्रोसेकंदांपुरते फार मोठा दाब अडवून धरते, आणि हवेच्या ऐंशीपट धारकता देते. काम तेवढ्या वेळात उरकले तर पाण्यासारखे स्वस्त अपारक नाही. लायडनच्या बाटलीत पाणी वाहक होते. ट्रॉम्बेत ते अपारक झाले. पदार्थ तोच, त्यास दिलेला वेळ निराळा.

वेळेचा हाच निकष लावला म्हणजे विद्यापीठातील अतिधारित्राचे कोडेही सुटते. येथील पद्धतीचे विशेष असे, की तीत निर्वात पंप नाही आणि लक्षावधी रुपयांची यंत्रेही नाहीत. काचपात्रात योग्य क्षारांचे द्रावण घ्यावे, त्यात पोलादाची पट्टी उभी करावी, तापमान आणि आम्लता सांभाळावी. पट्टीवर धातूच्या ऑक्साइडाचा सच्छिद्र पापुद्रा हळूहळू बसतो. या रासायनिक पद्धतीवर लोखंडे आणि मणे यांनी २००० साली लिहिलेला समीक्षालेख जगभरच्या संशोधकांनी आधारास घेतला. धातूंच्या ऑक्साइडांपासून होणाऱ्या अतिधारित्रांचा आढावा लोखंडे यांनी दोन सहकाऱ्यांसह २०११ साली घेतला. उद्यमनगरातील कारागिरीशी या रीतीचे नाते सांगितले तर ते कोणास खोटे वाटू नये.

अतिधारित्रात अपारकाचा वेगळा थरच नसतो. पापुद्र्याचे पृष्ठ आणि द्रावणातील आयन यांच्यामधील रेणूभर अंतर हेच अपारक, आणि काही पापुद्र्यांत पृष्ठावरील रासायनिक क्रियाही साठ्यास हातभार लावते. अंतर इतके लहान आणि छिद्रांमुळे पृष्ठ इतके विशाल, की धारकता मायक्रोफॅराडांत न मोजता फॅराडांतच मोजावी लागते. बाजारातील १०० फॅराड व २.७ व्होल्टच्या अतिधारित्रात सुमारे ३६५ ज्यूल मावतात. इस्पितळात थांबलेल्या हृदयास धक्का देऊन पूर्ववत चालविणारे यंत्र घेतले, तर बर्नार्ड लाऊन यांनी १९६० नंतर प्रचारात आणलेल्या पद्धतीचा साठाही साधारण एवढाच भरतो; ३२ मायक्रोफॅराडचे धारित्र ४,८०० व्होल्टपर्यंत भरले की तेवढे ज्यूल होतात. साठा समान. पण अतिधारित्र आपले ज्यूल पुष्कळ सेकंदांत आणि दोन-तीन व्होल्टने देते, कारण आयनांना त्या छिद्रांतून चालत बाहेर यावे लागते. इस्पितळातील धारित्र ते काही हजारांश सेकंदांत देते. अतिधारित्रांची माळ करून ४,८०० व्होल्ट गाठावयाचे म्हटले तर जवळजवळ अठराशे नग लागतील, आणि त्या अठराशे नगांचे अंतर्गत रोध एकात एक मिळून सारा जोर आतच जिरवून टाकतील. बसगाडी थांबताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा निघताना वापरावयाची असेल तर अतिधारित्रासारखे पात्र नाही. कडे उडवावयाचे असेल तर ते कुचकामाचे.

तेव्हा कोल्हापुरात हाताशी असलेल्या तिहींपैकी एकही त्या तरुणाच्या कामाचे नेमके नाही. भट्टीजवळचे त्यातल्या त्यात जवळ येते, परंतु तेही न थांबणाऱ्या झोक्यांसाठी बांधलेले असते, एकाएकी कोसळणाऱ्या लोंढ्यासाठी नव्हे. त्याला धातूचा वर्ख गुंडाळलेले, आतील प्रवर्तकत्व कमी असलेले, उलट्या दाबाचा आकडा सांगणारे धारित्रच घ्यावे लागेल, आणि छापलेल्या दाबाच्या बराच खाली ते वापरावे लागेल. त्यातही पहिले यंत्र दहा ज्यूलच्या आतले करण्यात शहाणपण आहे. शंभर ज्यूलच्या पुढे हाताच्या चुकीस क्षमा नसते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आकड्यात बसत नाही. १८५४ साली कोलराऊश या जर्मन शास्त्रज्ञाने लायडन पात्र पुरते रिते केले, ते तसेच बाजूस ठेवले, आणि काही वेळाने त्यात पुन्हा वीज आढळली. ती बाहेरून आली नव्हती. काचेच्या अंतर्भागात मुरलेला ताण हळूहळू पृष्ठाशी परत येत होता. कागद आणि तेल यांच्या धारित्रांत हा गुण आणखी ठळक असतो. कारखान्यात बसविलेल्या कमी दाबाच्या शक्ति-धारित्रांस वीज बंद केल्यावर तीन मिनिटांत पंचाहत्तर व्होल्टच्या खाली आणणारा रोधक जोडलेला असावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पण भंगारातून आलेल्या डब्यातील तो रोधक शाबूत असेलच असे नाही. म्हणून जाणते लोक लाकडी किंवा फायबरच्या दांड्यास बसविलेल्या रोधकातून धारित्र रिते करतात, मग तांब्याच्या जाड तारेने त्याची दोन्ही टोके जोडतात, आणि ती तार तशीच राहू देतात. मोठ्या दाबाची धारित्रे कोठारात ठेवतात तेव्हा त्यांच्या माथ्यावर अशी तार बांधलेली दिसते. ती एखाद्याने निष्काळजीपणे विसरलेली नसते, आणि यंत्र जोडावयाच्या क्षणापर्यंत ती कोणी सोडत नाही.